हात पुसायची भिंत

केवळराम डोंगरवारांची सगळी मिळून
एकशे बारा चित्रं, असं यादीत आहे.
एकोणनव्वद परदेशात, किंवा बँकांच्या पोटात,
दोन दिल्लीला, बाकीची कुणाकुणाच्या जिन्यात.
गावात एकही नाही.
गावात त्यांचा चष्मा आहे, एक स्टूल,
आणि मी.

मी हलर चालवायचो.
गिरणीच्या मागच्या खोलीत ते, पुढे मी,
मध्ये पट्टा फिरायचा दिवसभर.
अकरा वर्षं त्यांनी फक्त धुरे काढले.
बांधीत पाणी नाही, धान नाही, बगळा नाही,
नुसता धुरा, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.
मी एकदा विचारलं, माणूस काहून नाही काढत?
म्हणाले, आत्ताच गेला ना तो इथून,
चिखल ओलाच आहे, पाह्य.
मी पाहिलं.
होता.

आता समिती झाली आहे.
अध्यक्ष सरपंचबाई, सचिव हायस्कुलातले गुरनुलेसर,
आणि नागपूरहून येणारी शर्वाणी नावाची मुलगी,
पांढरे हातमोजे घालून सगळं लिहून घेते.
तिने चष्मा मोजला. स्टूल मोजलं.
स्टुलावरच्या खाचा माझ्या पान्याच्या आहेत
हे सांगितलं, तरी मोजल्या.

पुतळ्याचा नमुना आला साकोलीहून,
हातात ब्रश, खांद्यावर उपरणं.
ब्रश त्यांनी फार थोडा धरला.
चिंधीनं काढायचे, नाहीतर तळहाताच्या कडेनं,
जशी बाई चूल सारवते.
उपरणं तर जन्मात नव्हतं.
बैठकीत उभा राहून मी हे बोललो.
गुरनुलेसर म्हणाले, डोमाजी,
पुतळ्याच्या हातात काहीतरी द्यावं लागते.

भिंतीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.
खोलीबाहेरची, नळाशेजारची, पश्चिमेची.
रोज सांजेला ते तिथे हात पुसायचे,
मग धुवायचे, मग विडी.
गिरणीला चुना मारायचा ठराव झाला
तेव्हा मी तिच्यापुढे कोंड्याची पोती रचली, पत्र्यापर्यंत,
आणि म्हटलं, साप निघाला होता, हात घालू नका.
बाकी तीन भिंती पांढऱ्या झाल्या.
त्याला दोन वर्षं झाली. खालची पोती सडली की
नवी आणायचो, माझ्या पैशानं.
रात्री कधी एखादं ओढून बॅटरी मारायचो.
गेरू.
निळा, आठवडाभर वीज नव्हती तेव्हाचा.
त्याखाली हिरवा, मंजुळामावशी वारली त्या दिवशीचा.
त्या दिवशी चित्र काही काढलं नव्हतं त्यांनी,
हात मात्र पुसले.

पोती जड व्हायला लागली तेव्हा कळलं,
हे काही माझ्याच्यानं फार दिवस होत नाही.
मंगळवारी मुलीला बोलावलं. म्हटलं, घे.
पोती निघाली. ती बराच वेळ बोललीच नाही.
हातमोजे काढले तिने.
मग टेप, कॅमेरा, खडूनं चौकोनात चौकोन.
हा काळा, म्हणाली, ह्या काळ्यावर
अख्खी भिंत उभी आहे, काका. कशाचा हा?

आणि मला एकदम आठवलं
की नळ एकच होता.
इंजिनाचं ऑइल, पट्ट्याचं ग्रीस,
मीही तिथेच पुसायचो,
ते जरा वर, मी जरा खाली.
माझा काळा आवडला तर बोट फिरवून
ते त्याला पुढे न्यायचे, हसायचे नाहीत,
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यावर.

सांगितलं तिला. लपवून काय करू.
म्हणाली, मग तुमचं कुठलं ते दाखवा.
अंधार पडत होता. मी बॅटरी धरली,
वरून खाली, खालून वर.
एक अंगठा खात्रीनं माझा म्हणून दाखवला,
जवळ गेलो तर तोही वाटेना.
नळ टिपटिपत होता.

तिने वहीत ओळ लिहिली, मला वाचून दाखवली:
मिश्र माध्यम, भिंतीवर. काळ अनिश्चित.
नावाच्या रकान्याशी पेन थांबलं.
मी म्हटलं,
सध्या नळाचं लिही.